रामाकाकांनी हात मागे घेतले

नाही, पण मला एक सांगा. ज्या माणसाने सव्वीस वर्षं लोट्याला कंपनीची बस चालवली आणि त्या सव्वीस वर्षांत कुणासाठी अर्धा मिनिट गाडी थांबवली नाही, कुणासाठी म्हणजे कुणासाठीच नाही, मी स्वतः एका हातात डबा आणि दुसऱ्या हाताने शर्टाची बटणं लावत त्या बसमागे धावलेला माणूस आहे, आरशात त्यांना मी दिसत होतो, आणि तरी गेले... तोच माणूस आज सकाळी एका चपलेसाठी वीस मिनिटं पायरीवर बसून राहतो, याला काय म्हणायचं? चप्पल स्वतःची नव्हे, नातीची. मी आपला पिशवी घेऊन उभा, संगमेश्वरची गाडी डोळ्यांदेखत गेली. म्हटलं, "रामाकाका, घाला ना तिच्या पायात, दोन सेकंदांचं काम." तर मान न वळवता काय म्हणाले असतील?

"हात मागे, रघू."

हात मागे. गेले सहा-सात महिने आमच्या वाडीत दुसरं काही ऐकू येत नाही, तुम्हाला सांगतो.

रामाकाका शिगवण माझे शेजारी. त्यांच्या आणि माझ्या अंगणात एक जांभ्याचा गडगा, म्हणजे दगडांची भिंत, तीही कमरेएवढी, त्यामुळे तिकडचं सगळं मला दिसतं आणि जे दिसत नाही ते ऐकू येतं. मुलगा निलेश मुंबईला नोकरीला, सून दीपाली इथे, आणि नात संस्कृती. साडेचार वर्षांची. सातव्या महिन्यातच जन्मली, महिनाभर काचेच्या पेटीत होती, आणि मग सगळंच उशिरा. बसली उशिरा, चालली अडीच वर्षांची झाल्यावर, आणि बोलणं म्हणाल तर 'आबा', 'पा' आणि 'नको'. तो 'नको' मात्र असा खणखणीत, की पलीकडच्या वाडीतली कुत्री उठायची. चमचा हातात राहायचा नाही. आणि ओल्या भाताचं शीत बोटाला लागलं की अंगावर झुरळ पडल्यासारखी किंचाळायची पोर. हात झटकायची, रडून रडून निळी व्हायची.

आता लोक काय म्हणतात अशा वेळी? "होईल गो, आमचा दिनू पाच वर्षांचा होईपर्यंत बोलला नाही, आता गप्प बसवत नाही." "दृष्ट काढलीस का?" "मध चाटव." मीसुद्धा म्हटलेलं आहे हो, खोटं कशाला बोलू. आणि रामाकाका? ते काही म्हणतच नव्हते, ते करत होते. रिटायर होऊन घरी आलेला माणूस, हातांना काम नाही, आणि समोर ही एवढीशी बाय. तिने मान वळवायच्या आत पाणी हजर. तिने पाय पुढे करायच्या आत चप्पल पायात. घास तर असे भरवायचे, की पहिला गिळेपर्यंत दुसरा ओठांवर. नात नव्हती ती, एकुलती एक पॅसेंजर होती त्यांची, आणि पॅसेंजरने काय करायचं असतं? नुसतं बसायचं असतं.

दीपालीने मात्र कुणाचं ऐकलं नाही. बोलत नाही ती पोरगी, खाली मान घालून कामं करते, पण लस द्यायला गेली तेव्हा तिथल्या डॉक्टरांना तिने विचारलं, त्यांनी रत्नागिरीचा पत्ता दिला, आणि पुढच्या मंगळवारी ही लेकीला कडेवर घेऊन एसटीत. रामाकाका बरोबर. का? तर म्हणे तिकडे मॅडमनी पोरीला रडवलं तर कोण बघणार.

त्या वेदिका मॅडम. ऑक्युपेशनल थेरपिस्ट. काकांना ते नाव अजून नीट म्हणता येत नाही, ते 'आकुबाई थेरपी' म्हणतात. वय असेल सव्वीस, म्हणजे काकांची नोकरी आणि मॅडमचं वय सारखं. काका आत शिरले तर खुर्ची नाही, टेबल नाही, इंजेक्शन नाही, खाली चटई, मोठाले चेंडू, छताला टांगलेला झोपाळा, आणि एका टबात तांदूळ. हा उपचार आहे की पोरखेळ, असं काकांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं असणार, कारण मॅडम हसल्या. मग चटईवर मांडी घालून त्यांनी विचारलं, "संस्कृती स्वतःचं स्वतः काय काय करते?"

दीपालीने मान खाली घातली. काकांची छाती मात्र फुगली. "काही नाही," म्हणाले. "सगळं मी करतो."

मॅडमनी वहीत लिहून घेतलं. मग शांतपणे म्हणाल्या, "काका, तुमची प्रॅक्टिस छान झालीय. आता तिची करूया."

घ्या. सव्वीस वर्षांच्या पोरीने सव्वीस वर्षं सर्व्हिस केलेल्या माणसाला असं गुंडाळून ठेवलं. आणि मग एकेक सांगायला लागल्या. चप्पल घालायची तर पाय चपलेत अर्धा तुम्ही सरकवा, शेवटचा धक्का तिने मारायचा. शेवटचं काम तिचं, म्हणजे 'मी घातली' हे तिला कळतं. ते जमलं की त्याच्या आधीचं तिला द्या, मग त्याच्या आधीचं. आणि ती प्रयत्न करत असेल तेव्हा मध्ये हात घालायचा नाही. मनात सावकाश दहा मोजायचे.

काकांनी मोजून दाखवले. एकदोनतीनचारपाच... आणि गेला हात चपलेकडे.

"काका, हे दहा नाहीत, ही एक्सप्रेस आहे. पॅसेंजर गाडी सोडा. आणि हात मागे."

तिथून तो मंत्र सुरू झाला. बटण, हात मागे. बांगडी पडली, हात मागे. काकांचे हात म्हणजे काय, बसचं स्टेअरिंग फिरवून फिरवून घट्टे पडलेले हात, ते मागे राहतात होय? मॅडमनी विचारलं, जेवताना ती कुठे बसते. खुर्चीवर, पाय लोंबकळत. म्हणाल्या, "पायाखाली टेकू नसेल तर हातात जोर कुठून येणार? तुम्ही सीटवर पाय लोंबकळत ठेवून बस चालवली असती का?" हे मात्र काकांना पटलं. घरी येऊन फणसाची फळी कापून पायाखाली पाट केला. चमच्याच्या दांड्यावर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली, जाड मूठ, पकडायला सोपी. घमेल्यात कोरडे तांदूळ घेऊन त्यात तिच्या बांगड्या लपवायच्या आणि तिने शोधायच्या. तांदूळ सवयीचे झाले की पीठ, पिठाची सवय झाली की कणकेचा गोळा, आणि शेवटी ओला भात. पण जबरदस्ती नाही. तिने हात काढला तर काढू द्यायचा.

हे सगळं काकांनी केलं. आणि दीपाली कपडे धुवायला पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर गेली की पटापट सात-आठ घास भरवून तोंड पुसून मोकळे. गडग्यावरून मी बघतोय हे कळलं तर मला म्हणतात, "पोर उपाशी राहील रे. दीपालीला बोलू नको." मी कशाला बोलतोय? माझ्या तोंडून एक शब्द गेला नाही. पण सुनेला काय कळत नाही? ताटातला भात संपतो आणि फ्रॉकवर एक शीत नाही, यात सगळं आलं.

दीड महिना झाला. मॅडमनी बघितलं, चपलेचं जमतंय, बांगड्या शोधतेय, जेवणाचं मात्र तसूभर पुढे नाही. काका म्हणाले, "तुमचा उपचार जेवणाला लागू पडत नाही." मॅडमनी तेही वहीत लिहून घेतलं. दीपाली बोलली ती स्टँडवर, गाडीची वाट बघताना. पोर खांद्यावर झोपलेली. हे मला काकांनीच सांगितलं, नाहीतर मला कुठून कळणार.

"बाबा, तुम्ही तिला किती वर्षं भरवाल?"

"मी आहे तोवर भरवीन."

"आणि नंतर?"

एवढंच. आवाज चढवला नाही, रडली नाही. गाडी आली, बसले. खिडकीशी बसले की एरवी काका डायव्हरला शिव्या घालतात, गियर चुकला, टर्न चुकला... त्या दिवशी हातखंब्यापर्यंत गियर कितीदा चुकला, त्यांना ऐकूच आलं नाही. म्हणाले, "रघू, मी नुसता गुडघ्यावरच्या माझ्या हातांकडे बघत होतो. मला वाटायचं मी तिला देतोय. मी तिच्या वाटचं घेत होतो रे." मी आपला गडग्यावरचं शेवाळ काढत बसलो.

आणि तुम्हाला सांगतो, दुसऱ्या दिवसापासून तो माणूस बदलला. हात मागे राहीनात, तर दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायचे. ताट समोर, पोर समोर, आणि काका स्वतःच्या हातांवर बसलेले. घाम यायचा हो. ती चमचा तोंडापर्यंत न्यायची आणि तो कलंडायचा, काकांचं तोंड आपोआप उघडायचं, मिटायचं. दहा मोजायचे. पुन्हा दहा. नारळ सोलले की ते एकेक उचलून टोपलीत टाकायचं काम तिचं, त्याने अंगात जोर येतो म्हणे. दोरीवरचे चिमटे काढायचं काम तिचं, त्याने बोटांत जोर येतो. अख्खी दुपार सहा चिमट्यांत जायची. निम्मे कपडे वाऱ्याने गडग्याअलीकडे माझ्या अंगणात, पण बोलायची सोय होती का? हात मागे, रघू.

चार महिन्यांनी ती ट्यूब गुंडाळलेल्या चमच्याने अर्धं ताट स्वतः खायला लागली. बोट मात्र ओल्या भाताला लावायची नाही म्हणजे नाही. मॅडम म्हणाल्या, घाई नाही.

आणि मग आला यमुनाबाईंकडचा साखरपुडा. यमुनाबाई म्हणजे काकांची थोरली बहीण, राहायला संगमेश्वर बाजाराच्या वर. मी होतो, माझी बायको काशी होती, म्हणजे हे डोळ्यांनी बघितलेलं सांगतो. मांडवात पंगत बसली, साठेक माणूस, वडे, काळ्या वाटाण्याची उसळ, वरणभात, जिलबी. आणि काकांनी खिशात हात घातला तर तो चमचा घरी राहिलेला.

साधा चमचा दिला, तो तिने बाजूला ठेवला. बसली. पानाकडे बघत. दीपालीचा चेहरा उतरला. यमुनाबाई वाढता वाढता थांबल्या, "काय रे रामा, पोर उपाशी बसवलीस? सरक, मी भरवते." आणि वाकून त्यांनी भात कालवला, घास उचलला.

काकांनी बहिणीचं मनगट धरलं. थोरल्या बहिणीचं, चारचौघांत. "आक्का," म्हणाले, "हात मागे."

आता आमच्याकडची पद्धत तुम्हाला ठाऊक आहे, शेवटच्या माणसाचं होईपर्यंत पंगत उठत नाही. साठ माणसांची जेवणं झाली, ताक पिऊन झालं, बोटांवर भात वाळायला लागला, पुढच्या पंगतीची माणसं मांडवाच्या तोंडाशी उभी, आणि अख्ख्या मांडवाचे डोळे साडेचार वर्षांच्या पोरीच्या पानावर. नवऱ्याकडच्या एका पाहुण्याने घड्याळ बघितलं. काका दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसलेले, ओठ हलताहेत.

तिने एक बोट भाताला लावलं. बोटाकडे बघितलं. आम्ही सगळे कान झाकायच्या तयारीत... किंचाळली नाही. बोट आईच्या साडीला पुसलं. परत लावलं. परत पुसलं. मग तीन बोटं घातली, मूठ केली, त्यातला निम्मा भात फ्रॉकवर, थोडा नाकावर, आणि चार शितं तोंडात.

अकरा घास, तुम्हाला सांगतो. मी मोजले, काशीने मोजले, समोरचा घड्याळवाला पाहुणासुद्धा मोजत होता. पंचवीस मिनिटं लागली. यमुनाबाईंचा हात केव्हाच पदराआड गेला होता. दीपालीने स्वतःच्या पानाला हात लावला नव्हता, ती नुसती लेकीची बोटं बघत होती, आणि काकांना नंतर दोघांनी धरून उठवावं लागलं, कारण कोपरापर्यंत हाताला मुंग्या. पान रिकामं झालं. साठ माणसांनी गुडघ्यांवर हात ठेवून उठायची तयारी केली. आणि आमच्या बाईसाहेबांनी पान पुढे सरकवलं आणि कधी न बोललेला एक शब्द बोलल्या.

"अजून."

बसली हो सगळी पंगत खाली. यमुनाबाईंनी स्वतः भात वाढला, डोळे पुसत वाढला, आणि वाढून मागे झाल्या.

मॅडम म्हणतात, ही जादू नाही, अजून पुष्कळ पल्ला आहे, बोलणं आहे, शाळा आहे. असेल. काकांना घाई नाही. त्यांचं सगळं चांगलं झालं, मला आनंद आहे, तिघांपुढे हात जोडतो मी. पण या साऱ्यात माझं काय झालं, ते कुणी विचारत नाही. आमची काशी त्या पंगतीत होती ना. दुसऱ्या दिवशी जेवायला बसलो, म्हटलं, "काशी, पाणी." ती म्हणाली, "हंडा कुठे आहे ते माहीत आहे ना?" आंघोळीला टॉवेल मिळेना, चष्मा मिळेना. म्हणे, एवढीशी पोर शिकते, तुम्हाला साठीत काय झालंय. काल तर स्वतःचा चहा स्वतः करायला लावला. केला. तिलाही दिला. तिने एक घोट घेतला, कप खाली ठेवला, आणि गडग्यापलीकडे हाक मारून विचारलं, "दीपाली, त्या मॅडमकडे मोठी माणसं घेतात का गो?"

दीपाली हसलीसुद्धा नाही, तुम्हाला सांगतो. मंगळवारी विचारून सांगते म्हणाली.