कन्फ्रंटचं चौथं उदाहरण

...नाही, पण मला एक सांगा, एखाद्या क्रियापदाचा अर्थ माणसानं दोन आठवडे डोकं खाजवून लिहिला, त्याची एकूण एक छटा पकडली, आणि तेच क्रियापद त्याच्या स्वतःच्या आयुष्यात एकदाही उपयोगी पडलं नाही, तर दोष कुणाचा? क्रियापदाचा? हसू नका, मी गंभीरपणे विचारतोय. अकरा वर्षं मी इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या कचेरीत उपसंपादक आहे. उपसंपादक म्हणजे कोण, तर शब्द ज्याच्या टेबलावर येतात तो, आणि ज्याच्या नावावर जातात तो मुख्य संपादक, एवढं समजलं की आमचं सगळं कामकाज समजलं.

तर तुम्हाला सांगतो, आमच्याकडे प्रत्येक शब्दाला एक कार्ड. वर शब्द, खाली अर्थ, त्याखाली उदाहरणं, आणि उजव्या कोपऱ्यात, अगदी बारीक, लिहिणाऱ्याची आद्याक्षरं. ती कशाला? चूक निघाली तर कुणाची मान धरायची ते कळावं म्हणून. छापताना तेवढा कोपरा गाळतात. माझी आजवर नऊ हजार कार्डं झाली, म्हणजे नऊ हजार वेळा मी माझं नाव लिहिलं आणि नऊ हजार वेळा ते गाळलं गेलं... आणि मी काय केलं? पुढचं कार्ड लिहिलं.

आता नावाचं एवढं काय घेऊन बसलात, असं म्हणाल. मला नव्हतं हो, माझ्या वडिलांना होतं. बाबा छापखान्यात कंपोझिटर, छत्तीस वर्षं शिशाचे खिळे जुळवले, लोकांची नावं उलटी वाचून सुलटी छापली, भाषण करणाऱ्यांची, पुस्तकं लिहिणाऱ्यांची, निवडणुकीत पडणाऱ्यांचीसुद्धा. स्वतःचं आडनाव एकदाच जुळवलं, गंमत म्हणून, आणि मालकानं बघायच्या आत पुन्हा खणात टाकलं. आता डोळ्यांत मोतीबिंदू, एक डोळा झालाय, दुसरा राहिलाय, आणि मी घरी पाय टाकला की एकच प्रश्न, "खंड कधी निघतोय रे? आपलं नाव कितव्या पानावर?" मी सांगायचो, "सुरुवातीलाच असतं, बाबा." खोटं नव्हतं ते. साहेबांनी, म्हणजे मुख्य संपादकांनी, मला तसा शब्द दिला होता. आता शब्दकोशाच्या माणसाला शब्द द्यायला काय जातं, त्याच्याकडे गोदामच आहे.

पहिला खंड ए ते सी. छपाईच्या दोन महिने आधी नावांच्या पानाचा कच्चा खर्डा माझ्या हाती आला. मुख्य संपादक, साहेब. सल्लागार, साहेबांचे व्याही. विशेष साहाय्य, साहेबांची सून, जी अकरा वर्षांत एकदा कचेरीत आली आणि "इथे पंखा का नाही?" एवढं विचारून गेली. आणि सगळ्यात खाली, 'व इतर सहकारी'. इतर! कानशिलं तापली माझी. उठलो, तरातरा साहेबांच्या दारापर्यंत गेलो, टकटक केलं, आणि आतून आवाज आला, "कोण आहे?" आता याला काय उत्तर देणार, 'इतर'? परत आलो. टेबलावर या खंडाचा राहून गेलेला एकच शब्द वाट बघत होता, कन्फ्रंट. आणि मी काय केलं? कार्ड लिहिलं.

पण कसं लिहिलं म्हणता! लोकांना वाटतं, कन्फ्रंट म्हणजे विरोध करणं. अहो, विरोध पाठीमागूनही करता येतो, आम्ही सगळे कॅन्टीनमध्ये रोज करतो, चहा संपेपर्यंत करतो. कन्फ्रंटला समोर जावं लागतं. तसा त्याचा पहिला अर्थ सोपा आहे, संकट आपल्या पायांनी चालत येऊन पुढ्यात उभं राहतं, माणसाला काहीच करावं लागत नाही, हा अर्थ मला जन्मापासून जमतो. मग त्या संकटाला सामोरं जाणं आलं. मग एखाद्याला तोंडावर जाब विचारणं आलं. आणि सगळ्यात जालीम चौथा, पुरावाच पुढ्यात आदळून विचारायचं, म्हणजे समोरच्याला 'अरेच्चा, मला कल्पनाच नव्हती' म्हणायला जागा उरत नाही. तिथे पुराव्याच्या आधी 'विथ' लागतं, ते विसरायचं नाही.

या चौथ्या अर्थाला मी उदाहरण दिलं, ऐका. 'इतरांच्या श्रमांवर स्वतःचे नाव छापणाऱ्या आपल्या वरिष्ठापुढे त्याने अकरा वर्षांच्या कामाचा गठ्ठा ठेवला आणि विचारले, यात माझे नाव कुठे आहे?' उदाहरणात कुणाचं नाव घालायचं नाही असा साहेबांचाच नियम आहे, नुसतं 'तो', 'ती', फार तर 'एक गृहस्थ'. पण म्हटलं, नाव कशाला लागतंय, साहेब प्रत्येक कार्ड लाल पेन्सिल घेऊन वाचतात, हे वाचतील, चरकतील, मला आत बोलावतील, खुर्ची देतील... आमच्या कचेरीत खुर्ची कुणालाच देत नाहीत, उभ्यानंच ऐकायचं असतं.

तीन दिवसांनी कार्ड परत आलं. आधी घोटभर पाणी प्यालो, मग लाल शेरा वाचला. 'उदाहरण जिवंत आहे. मात्र या पानावर "त्याने" फार झाले, येथे "तिने" करावे.' संपलं. शिवाय जाता जाता साहेब खांद्यावर थोपटून म्हणाले, आवाज असा, साखरेत घोळलेला, "छान हं... कुठून सुचतं हो तुम्हाला?" तुमच्याकडे बघून सुचतं, हे वाक्य, तुम्हाला सांगतो, इथे, या ओठावर होतं. आणि मी काय केलं? 'त्याने' खोडलं, 'तिने' लिहिलं. कागदावर तरी जाब विचारत होतो, तोही अधिकार गेला.

कार्ड गेलं अक्षरजुळणीच्या बाईंकडे. अख्खा खंड या बाईंनी एकटीनं संगणकावर चढवलेला, आणि त्यांच्या तोंडून आम्ही एकच वाक्य ऐकलेलं, "काका, हा य आहे की थ?" त्या दिवशी बोटं चालता चालता थांबली. "काका, असं खरंच विचारतात?" मी म्हटलं, "कोशात आलंय म्हणजे विचारत असणार." त्यांनी मान हलवली. मला वाटलं विषय संपला.

दुसऱ्या दिवशी बाई उठल्या, मुद्रितांचा गठ्ठा, ए ते सी, चांगली चौदाशे पानं, छातीशी धरून साहेबांच्या खोलीत गेल्या, आणि आतून धप्प असा आवाज आला. मी बाहेर चहाचा कप घेऊन उभा. "सर, यात माझं नाव कुठे आहे?" माझं वाक्य! एक शब्द इकडचा तिकडे नाही! आणि मग साहेबांचा आवाज, "अरे हो, राहिलंच की ते! बसा ना तुम्ही, बसा." खुर्ची दिली. मी माझ्या या कानांनी खुर्ची सरकल्याचं ऐकलं.

म्हटलं, आता वाट मोकळी आहे, आता नाही तर कधीच नाही. बाई बाहेर, मी आत. "साहेब, ते नावांचं पान..." एवढं बोललो हो, देवाशपथ बोललो. तर साहेब म्हणाले, "हो ना, आताच बाईंचं नाव घातलं. 'इतर सहकारी'ची शेवटची ओळ होती बघा, तिथेच घातलं, पान भरलं. तुमचं काही होतं का? मग आधी नाही का बोलायचं! मी समजत होतो, तुम्हाला नावाबिवाचा सोस नाही." आणि खणातून एक कोरं कार्ड काढून माझ्या हातात दिलं. "दुसऱ्या खंडातलं हे तुमचं पहिलं. 'डेअर', धाडस करणं. तुम्हीच लिहा, असली क्रियापदं तुमच्याइतकी कुणालाच जमत नाहीत." आणि मी काय केलं? 'आभारी आहे' म्हणालो.

खंड निघाला. घरी नेला. बाबांनी जुन्या सवयीनं आधी कागद चोळून पाहिला, शाईचा वास घेतला, मग भिंग लावून नावांच्या पानावर बोट ठेवलं, आणि ते बोट एकेका ओळीवरून उतरत गेलं, साहेब, व्याही, सून, बाई... खाली नुसता कोरा कागद आला तरी बोट थोडं पुढे गेलं. मलाच राहवलं नाही, मीच घाईघाईनं सी काढून दिला, म्हटलं, "बाबा, ही नोंद बघा, ही माझी, अक्षर न् अक्षर माझी." त्यांनी वाचली. सावकाश, चारही अर्थ, शेवटचं उदाहरण दोनदा. मग भिंग बाजूला ठेवलं आणि बऱ्या झालेल्या डोळ्यानं माझ्याकडे बघितलं.

"तू लिहिलंयस?" म्हणाले. "वाटत नाही रे."

आणि मी काय केलं? घरी आणलेलं 'डेअर'चं कोरं कार्ड पुढ्यात ओढलं.