गवरीच्या फेरात राहिलेलं नाव

माझं माहेर धसईजवळचं, दिलं मला इकडं म्हसा गावाच्या अंगाला. गवरीची गाणी मी आईच्या मागं फिरून फिरून शिकले, म्हणून इथं आल्यावर सासूनं मलाच पुढं केलं, तेव्हापासून गावच्या फेरात गाणं उचलायचं ते मीच. काय सांगू तुमाला ताई, सणाला काय खाल्लं ते कुणाच्या ध्यानात राहत नाय, पण आमच्याकडं माहेराला आलेल्या एकेक लेकीचं नाव गाण्यात घ्यायचं, अमक्या गावची अमकी आली गो, की ती मधी येऊन नाचणार, बाकीच्या टाळ्या देणार, आणि तेवढं तिला वर्षभर पुरतं. गाव मात्र सासरचं घ्यायचं, तशी चालच आहे.

तर माझ्या मोठ्या जावेची लेक मंदा, ती नवऱ्याला सोडून आली होती, मारायचा तो, आणि आली त्याच वर्षी गवरीला फेरात उभी राहिली, चांगली हिरवी साडी नेसून. मी एकेकीचं नाव घेत गेले, तिच्यापाशी आले आणि जीभच अडली माझी, गाव कुठलं घेऊ? सोडलेलं घेतलं तर बाया हसतील, आणि थांबले तर गाणं तुटेल. गाणं तुटू दिलं नाय मी, तिला सोडून पुढचीचं नाव घेतलं. ती पाय पुढं टाकून उभी होती ताई, तसाच मागं घेतला तिनं.

आता ती कल्याणला कामाला आहे, सुट्टी मिळते तरी गवरीला येत नाय. मी फोन केला, बोलले, मंदे, चुकले गो मी, तर ती बोलते, जाऊ दे काकी, तुझे गुडघे कसे आहेत. भांडली असती तर बरं वाटलं असतं मला.

या वर्षी पहिलं नाव मी तिचंच घेतलं, आपल्याच गावची मंदा आली गो, आणि फेर थांबला, मधी यायला ती होती कुठं? तेव्हा माझी जाऊ, साठीची बाई, पदर खोचून मधी गेली आणि लेकीच्या नावावर एकटी नाचली. मी टाळ्या देत राहिले, बायांनीच गाणं पुढं ओढलं. आपल्याच गावची, एवढंच तर बोलायचं होतं, तेव्हा सुचलं नाय मला, चूक माझीच. पोरगी जिथं असेल तिथं सुखात राहो, दुसरं काय बोलू मी.