साक्कोट्टैची विंचूमाशी

—नव्हे, माशी नव्हे ती. बस आधी. पुण्याहून इतक्या लांब आलास आणि उंबऱ्यातच माशी म्हणतोस? माशीला पंख दोन. हिला चार. मोज — हे भिंग घे, शेजारच्या सोनाराचं आहे, तुझ्या कॉलेजातल्यापेक्षा साफ दिसेल. चार ना? झालं तर. शेपटीचा आकडा वर वळलाय म्हणोन लोक विंचूमाशी म्हणतात आणि घाबरतात. डंख नाही, विष नाही. नराचा चिमटा तो, मादीला धरायचा, एवढाच त्याचा पराक्रम. मादीला आकडाच नसतो. आणि हसतोस काय — 'म्हणोन'ला ना? आमचे लोक तंजावरच्या राजाबरोबर इकडे आले तेव्हा तुमच्याकडेही असंच बोलत होते. पुढे तुम्ही बदललात, आम्हाला कुणी कळवलं नाही.

कापी घे, निवते. मी आठवी शिकले, शशांका. पुढचं सगळं लायब्ररीच्या पुस्तकांतून, मांडीवर डिक्शनरी घेऊन. कुत्र्याच्या अंगावरच्या पिसवासुद्धा आता हिच्याच कुळात घालतात, माहीत आहे तुला? पंख नाहीत, चोच नाही, तरी भाऊबंद. आमच्यात गोत्र एकदा ठरलं की ठरलं — तुम्हा शास्त्रवाल्यांचं तसं नाही, दर दहा वर्षांनी कुणाला तरी कुणाच्या तरी घरी दत्तक देता. असो. या चारशे बारा डब्या बघतोस ना — सुपारीच्या, कुंकवाच्या, पेनबामच्या — यातला एकही किडा मी मारलेला नाही. दिव्याखाली पडलेला, कोळ्याच्या जाळ्यात वाळलेला, तेवढाच उचलायचा. विंचूमाशीही तेच करते, जाळ्यात शिरून कोळ्याचा घास पळवते. दोघींचा धंदा एकच. आणि दर डबीत चिठ्ठी — कुठे, कधी, कुणाला सापडला. चिठ्ठी नसेल तर किडा म्हणजे केर. चिठ्ठी खोटी असेल तर केराहून वाईट, कारण केर निदान कुणाला फसवत नाही.

तू का आलास ते कळतं मला. कॉलेजातल्या साहेबांनी पाठवलंय — म्हातारी म्हणते ही तिच्या शेजारच्या गावी, साक्कोट्टैला सापडली, बघून ये. तुमच्या किड्यांच्या यादीत घातलीस तर कावेरीच्या सपाटीवरची पहिली विंचूमाशी, आणि खाली छापून माझं नाव, पंकजाबाई, कुंभकोणम. नाही घातलीस तर म्हातारी खोटारडी. मधलं काही नाही. ही डोंगरातली, गारव्याची, भाताच्या चिखलात कशी, हेच ना? का, आडुतुरैच्या तांदळाच्या संशोधनवाल्यांनी सगळे किडे मोजून ठेवलेत? त्यांना पिकाला खातो तेवढाच किडा दिसतो. ही पिकाला तोंड लावत नाही. मेलेलं खाते. चिठ्ठी वाच — साक्कोट्टै, देवळामागे, एकवीस ऑक्टोबर दोन हजार चौदा. सकाळी साडेसहा. गवत गुडघ्यापर्यंत ओलं, धुकं इतकं की हातभर पुढचं दिसेना, उतारावरून मी बसत बसत खाली —

काय लिहिलंस? धुकं लिहिलंस? खोड ते.

बरं, राहू दे. उतार कुठला, ते विचार ना. साक्कोट्टैत गोटी ठेवली तर जागची हलत नाही, उतार कुठला. मान खाली घालू नको, विचार. शिकलेली माणसं अशीच गप्प बसून काढून घेतात.

कुन्नूर. चहाच्या कारखान्यात आमचे यजमान हिशेबनीस होते, तीस वर्षं राहिलो तिथे. कारखान्याच्या मागे ओढा आहे, त्याच्या उतारावर. चिठ्ठीतल्या तारखेच्या दोन दिवस आधी जेवताना मी म्हटलं होतं — पुस्तकात लिहिलंय या डोंगरांत विंचूमाशी आहे, तीस वर्षांत तुम्हाला मला एक आणून दाखवता आली नाही. भांडण नव्हे. ताक वाढता वाढता म्हटलं. ते हसले, ताक प्यायले. पहाटे फिरायला जातो म्हणोन गेले, ते परतले नाहीत. दिवसभर पाऊस, माणसं वरच्या वाटेवर शोधत होती. दुसऱ्या सकाळी मी ओढ्याकडे उतरले. मलाच सापडले. घसरले होते, डोकं दगडाला. खिशात सुपारीची डबी, रिकामी, झाकणाला भोकं पाडलेली. आणि ही बसली होती. पापणीच्या कडेला चोच लावून. चित्रात पाहिली होती तश्शीच, पंखांवर पट्टे, आकडा वर. ओळखायला क्षण लागला नाही मला.

चारशे बारातला एकही मारला नाही म्हटलं ना? चारशे अकरा धर. ही मी दोन बोटांत धरली आणि मारली. राग नव्हता, ती तिचं काम करत होती. मग त्यांच्याच डबीत घातली. कुन्नूर लिहिलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं, तिथे कशी सापडली, कुठे बसली होती. साक्कोट्टै लिहिलं. आणि मग अकरा वर्षं वाटत राहिलं, साक्कोट्टैची म्हणोन छापून आली की साक्कोट्टैचीच होईल.

पेन्सिल दे. नको, तूच लिही. नवी चिठ्ठी. कुन्नूर, कारखान्यामागचा ओढा. तारीख तीच. तुझ्या यादीला आता उपयोग नाही, ठाऊक आहे मला, तिथे असतातच त्या. तरी लिही. कुणाला सापडली? पांडुरंगराव. थांबतोस काय? त्यांनाच सापडली. मी पोचण्याआधीच ती त्यांच्यापाशी होती.

वाळली शाई — पेन्सिलच ती, वाळायचं काय त्यात. डबी फळीवर ठेव. कापी टाकलीस तेवढी अर्धी. जा आता, ऊन चढलंय. दार ओढून घे.