शेवटच्या ओळीचा सूर

नोरीन टॅलबट रुमाल बांधून, काळा चष्मा लावून शिकागोतल्या थिएटरबाहेर दुपारच्या खेळाच्या रांगेत उभी होती. क्लबात गाऊन नाव काढलेल्या नोरीनचा हा पहिलाच सिनेमा. शेवटच्या गाण्याची शेवटची ओळ तिने रेकॉर्डिंगला अगदी खालच्या पट्टीत, कुजबुजल्यासारखी म्हटली होती; त्यानंतर स्टुडिओने तिला पुन्हा गायला बोलावलं नव्हतं. रांगेत तिच्या पुढे दोघी शेजारणी बोलत होत्या.

"काल पाहिला, ग्लॅडिस. आज परत आले ती त्या शेवटच्या गाण्यासाठी."

"नोरीनच्या? अगं, ती घोगरी. आमचे हे म्हणतात, बाईच्या गळ्यात सिगारेटचा धूर राहायला आलाय."

"तो घोगरेपणा कुठल्या कुठे गेला. शेवटची ओळ इतकी वर नेते, माझ्या अंगावर काटा आला."

"काहीतरीच. ती कधी वर जात नाही. क्लबात ऐकलंय मी तिला."

"मग स्टुडिओने शिकवणी लावली असेल."

"या वयात?"

नोरीनला राहवलं नाही. "माफ करा हं. ती ओळ खाली उतरून, कुजबुजत संपते ना?"

"छे हो. घंटेसारखा स्वच्छ सूर लागतो. तुम्ही पाहिला नाहीत वाटतं?"

"नाही. पण गाणं रेकॉर्ड झालं तेव्हा मी तिथे होते."

"काय सांगता? मग हिला सांगा तुम्हीच. किती वर गेली होती ती?"

नोरीनने रुमाल कपाळावर पुढे ओढला.

ग्लॅडिस मात्र वळून तिच्याकडे बघतच राहिली.

"बाई, तुमचा आवाज अगदी नोरीनच्या जुन्या आवाजासारखा आहे हो."