ओल्या फडक्याखालचा चेहरा

जय भीम. नमो बुद्धाय.

आपण सगळे आलात. हरसूलहून, पिंपळगावहून, नाशिकरोडहून आलात. मला किती बोलता येईल, माहीत नाही. मध्येच थांबले तर सांभाळून घ्या.

तुमच्यासाठी ते भालेराव सर. आठवडाभर पुतळे घडवायचे आणि रविवारी विहारात ध्यान शिकवायचे. मी त्यांची बायको. त्यांची माती मळणारी.

लोक म्हणायचे, सर, एक काहीतरी धरा. पुतळे तरी करा, नाहीतर ध्यान तरी शिकवा. हे हसायचे. म्हणायचे, दोन्हीकडे बसायचंच काम आहे, एकाच बुडानं होतं!

आठवतं ना तुम्हाला? श्वास येतोय, येऊ द्या. जातोय, जाऊ द्या. डुलकी लागली तर लागू द्या, पण घोरू नका, शेजाऱ्याचा श्वास बिघडतो. वर्गात कुणाचा मोबाइल वाजला तरी रागवायचे नाहीत. म्हणायचे, घ्या फोन, घरी कुणी वाट बघत असेल.

आणि मातीच्या पुतळ्यावरून ओतकामाचा साचा निघाला, मातीचं काम संपलं, की तुम्हाला मुद्दाम आमच्या शेडमध्ये बोलवायचे. महिनोन्‌महिने घडवलेली माती तुमच्यासमोर स्वतःच्या हातांनी मोडायचे. "बघा, रविवारी मी हेच सांगतो." मी दरवेळी पाठ फिरवायचे. मग तीच माती मी पुन्हा भिजत घालायचे.

मागच्या मंगळवारी सकाळी ते तिथेच कोसळले. मी डोकं मांडीवर घेतलं. श्वास अडखळत होता. इतकी वर्षं मी त्यांच्या शेजारी बसून ध्यान केलं, बायकांना शिकवलंसुद्धा. जातोय, जाऊ द्या. जमलं का मला? नाही जमलं. मी ओरडत होते, अहो, थांबा. थांबा ना. नाही थांबले.

हरसूलच्या विहाराची बुद्धमूर्ती शेडमध्ये अर्धी आहे. अंगावरचं चीवर झालंय, हात झालेत. डोळे राहिलेत. माती वाळली की तडकते, म्हणून तिच्यावर ओली फडकी ठेवावी लागतात. यांना पोचवून माणसं परत आली, घर भरलेलं होतं, आणि मी उठून फडकी भिजवायला गेले. नणंद मागून धावत आली. म्हणाली, "वहिनी, काय करतेस गं? आता कुणासाठी?"

कुणासाठी? हे मला विचारायचं?

मी रोज भिजवते. सकाळी, संध्याकाळी. त्या गालांवर यांच्या बोटांचे ठसे आहेत. फडकं दाबलं तर तेही जातील, म्हणून नुसतं टेकवते.

हरसूलचे दादा समोर बसलेत. काल म्हणाले, "ताई, घाई नाय. दुसरा कोणी कारागीर डोळे करंल." दादा, तुम्ही चांगल्या मनानं बोललात. पण डोळे झाले की साचा काढायचा. साचा निघाला की माती मोडायची. ती कोण मोडणार? मी? आणि नाही मोडली, तर एक दिवस फडकी भिजवायची राहतील आणि ती आपोआप तडकेल. मी काय करू? सांगा ना कुणीतरी. मला मोडता येत नाही. जपताही येत नाही. आणि कृपा करून अनित्य, अनित्य म्हणून मला समजावू नका. तो शब्द आमच्या घरात रोजच्या मिठासारखा होता. आज तो घशाखाली उतरत नाही.

काही जणी म्हणाल्या, येत्या रविवारचा वर्ग तुम्ही घ्या. बायांनो, मी कुठल्या तोंडानं सांगू, जातोय तर जाऊ द्या?

आता आपण मौन पाळू. उभे राहू नका. त्यांनी बसवलं होतं तसेच बसा. डोळे मिटा. "आता हळूच डोळे उघडा" असं वर्गात शेवटी तेच सांगायचे. आज ते सांगायला कुणी नाही, आणि मला ते सांगता येणार नाही. ज्याला जेव्हा उघडावेसे वाटतील त्यानं तेव्हा उघडावेत, आणि आवाज न करता घरी जावं.

माझ्यासाठी थांबू नका.