खळ्यातली मोटार

जयगडला खाडीपार जायला तरीची वाट बघत दोन जावा माझ्यामागे बसल्या होत्या.

"वैनी, मोटार जोरात हाकली म्हणून ह्यांना दंड होईल काय हो?"

"एवढी जोरात हाकली कशाला गो?"

"पुढे बैलगाड्यांची रांग. उतारू ओरडत होते, मुंबईची बोट चुकेल म्हणून. ह्यांनी भोंगा वाजवला नि पुढे काढली."

"त्यातली पहिली गाडी त्यांच्याच थोरल्या भावाची होती. मी आत बसले होते. तोंडभर धुरळा खाल्ला."

"पण एवढ्या धुरळ्यात नाक्यावरच्या शिपायाला नंबर दिसला कसा?"

"नाहीच दिसला. मोटार कोणाची, म्हणून त्याने मला विचारलं."

"मग?"

"मग काय? सांगितलं, आमच्या धाकट्या भावोजींची. आमचे बैल हुसकून खळ्यात उभी करतात, तीच."