पाणी हलतं ठेवणारा

नाही हो, आग कसली — पाणी मारतोय ते त्या वर उडी मारायला उभ्या असलेल्या माणसाला खालचं पाणी दिसावं म्हणून. हसू नका, खरंच सांगतोय. सत्तावीस मीटर उंची आहे ती, नऊ मजले धरा, आणि तिथून बंदरातलं संथ पाणी नुसतं चकाकतं, कुठे सुरू होतं तेच कळत नाही म्हणतात. म्हणून फवारा मारून सारखं हलतं ठेवायचं. वर्षभर मी धक्का धुतो आणि स्पर्धेचे तीन दिवस समुद्र धुतो, असं आमचा मुकादम म्हणतो. तुम्ही त्या खांबापाशी उभे राहा, नाहीतर भिजाल. उद्या घरी जायचं विमान ना तुमचं? हिचा फोन आला होता — आपल्या गल्लीतले वायरमन निघण्याआधी तुम्हाला भेटून येणार आहेत म्हणाली. म्हणजे तुम्ही मला डोळ्यांनी बघणार आणि तिला जाऊन सांगणार. बघून घ्या. केस गेलेत, वजन उतरलंय, बाकी आहे तसा आहे.

गेला बघा — संपलं. तीन सेकंदांचा खेळ. पायांवर पडतात हे, डोक्यावर नाही. डोक्यावर पडला तर काही खरं नाही. काय विचारायला सांगितलंय तिनं तुम्हाला? राहू द्या, मला ठाऊक आहे. पोरीच्या लग्नाला बाप का आला नाही, हेच ना? दीड वर्ष झालं तरी तिच्या मनातून जात नाही. मग सांगा की, रजा मिळाली नाही. मुकादम खडूस आहे, ऐन वेळी रजा रद्द केली, मी हातापाया पडलो — मी तिला सांगितलंय तसंच सांगा. तुम्ही इथे येऊन, बघून सांगितलंत म्हणजे तिचा विश्वास बसेल. एवढं काम करा माझं.

हा का उभा राहिलाय? बराच वेळ झाला. बघा, बघा — परत फिरला. शिडीनं उतरतोय खाली. असं होतं कधी कधी, कोणी काही बोलत नाही त्याला. उलट टाळ्या वाजवतात, ऐकू येतायत ना? मला नाही ऐकवत त्या टाळ्या. एवढा लांबून आला, वर्षभर राबला, आणि उतरला की हो — त्याच्या घरचे कुठेतरी बघत बसले असतील — जाऊ द्या. आपल्याला काय करायचंय.

मुकादमाचं म्हणाल तर माणूस वाईट नाही. म्हणजे — त्यानं रजा दिली होती. महिन्याभराची. वर म्हणाला, तू जा, तुझी पाळी मी स्वतः करतो. आणि केली त्यानं, या वयात, कंबर धरून. हिनं दीड वर्ष त्याला शिव्याशाप दिलेत आणि मी फोनवर हो ला हो करतोय. विमानतळावर गेलो होतो मी. नवा शर्ट, नवी बॅग, सगळं. आदल्या दिवशी पोरीचा फोन आला. बिचारी घर आवरत होती, पाहुण्यांची सोय करत होती. म्हणाली, "बाबा, तुम्हाला उशी लागते का? आणि चहात साखर चालते ना?" वाईट काही बोलली नाही हो. प्रेमानंच विचारलं. पण पाहुण्याला विचारतात तसं विचारलं. एकोणीस वर्षं मी इथून तिची फी भरली, तिच्या चष्म्याचा नंबर मला पाठ आहे, आणि तिला माझी उशी माहीत नाही — कशी असणार? मी होतो कुठे तिथे? विमानतळावरच्या बाकावर बसल्या बसल्या तेच डोक्यात. मांडवात उभा राहीन तेव्हा लोक विचारतील, हे कोण? माझं नाव तीनदा पुकारलं त्यांनी. तिन्ही वेळा ऐकलं मी. मग बॅग उचलली आणि खोलीवर परत आलो. दोन दिवस कोणाला तोंड दाखवलं नाही, बिस्किटं खाऊन राहिलो. तिकडे लग्न लागत होतं आणि मी इकडे पंख्याकडे बघत पडलो होतो. भ्यालो हो मी. स्वतःच्या घराला भ्यालो.

शिट्टी कोणाला मारतायत? मलाच — अरे देवा, पाणी भलतीकडेच चाललंय. बोलण्याच्या नादात नळी कुठे वळली कळलंच नाही. आणि तो बघा, वर हात करून थांबलाय, त्याला खालचं काही दिसत नाहीये. कधीच नाही झालं असं माझ्या हातून. थांबा, बोलू नका जरा.

हां. आता लागलं जागेवर.

असे बघू नका माझ्याकडे. नका सांगू तिला ते खडूस मुकादमाचं. रजा मिळाली होती, एवढंच सांगा. पुढचं ती मला विचारील, आणि मी उचलीन फोन. निघा तुम्ही आता. वर माणूस उभा आहे.